'स्वीकारा' दाबण्याआधी: न कळवता बदललेलं विमान आणि विखुरलेल्या सीट

इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात भाचीचं लग्न. जुलैमध्येच एका पोर्टलवरून चार तिकिटं काढली: त्या, यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. सकाळचं थेट विमान, पैसे भरून घेतलेल्या चार सीट एकाच ओळीत (तीन या बाजूला, एक वाटेपलीकडे), सासूबाईंसाठी व्हीलचेअर. नोव्हेंबर लागल्यावर सहज ॲप उघडलं तर सकाळचं विमान गायब. त्याच्या जागी दुपारचं, मुंबईमार्गे, रात्री साडेनऊला पुण्यात. सीमंतपूजन त्याच संध्याकाळी सहाला. मुलगी सत्ताविसाव्या ओळीत, आई एकोणिसाव्या. मेसेज नाही, मेल नाही; फक्त एक निळं बटण: 'स्वीकारा'. त्यांनी विचारलंय, असं करता येतं का आणि नुकसानभरपाई मिळते का?

ताई, दोन्हीची उत्तरं आधी देऊन टाकतो. विमान कंपनीला वेळापत्रक बदलता येतं. आणि तुम्हाला रोख भरपाई बहुधा मिळणार नाही, कारण अजून जवळजवळ महिना हातात आहे. पण भरपाईच्या मागे लागलात तर हातातली मोठी गोष्ट निसटेल. आत्ता तुमच्याकडे निवडीचा हक्क आहे: सोयीचं दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. ते बटण दाबलंत की हा हक्क संपला, कारण नोंद 'प्रवाशाने नवं विमान मान्य केलं' अशी होते. त्यानंतर काहीही बदलायचं म्हटलं की तो तुमच्या मर्जीचा बदल, म्हणजे दंड आणि भाड्यातला फरक तुमच्या खिशातून. वेब चेक-इन करणं हीसुद्धा मान्यताच धरली जाते. तेव्हा आधी त्या बटणावरून बोट काढा.

आता हे घडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. आपल्याकडे विमानांची वेळापत्रकं वर्षातून दोनदा ठरतात. हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून, उन्हाळी मार्चच्या शेवटच्या रविवारपासून. तिकीटविक्री मात्र कितीतरी महिने आधी उघडते. तुम्ही जुलैत डिसेंबरचं तिकीट काढलंत तेव्हा ते विमान कंपनीच्या अंदाजावर विकलं जात होतं. मुंबई-पुण्यासारख्या गर्दीच्या विमानतळांवरच्या उतरण्या-उडण्याच्या वेळा पक्क्या व्हायच्या होत्या. म्हणून ऑक्टोबर आणि मार्च या दोन महिन्यांत पुढची सगळी तिकिटं उघडून बघायची सवय लावा. शिवाय विमानंच कमी पडतात: २०२३ पासून एका इंजिनाच्या दोषामुळे बरीच विमानं जमिनीवर होती. वैमानिक कमी पडतात: डिसेंबर २०२५ मध्ये ड्यूटीच्या तासांचे नवे नियम आणि कंपनीचं नियोजन यांचा मेळ न बसल्यानं देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. अशा वेळी कंपनी पाहते कुठलं विमान काढलं तर कमी लोक ओरडतील, आणि इंदूर-पुणे सकाळच्या विमानाचा नंबर दिल्ली-मुंबईच्या आधी लागतो. आपल्याला आवडो न आवडो.

आणि 'कळवलं नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'दुसऱ्यालाच कळवलं' असा निघतो. पोर्टल किंवा एजंट तिकीट काढताना संपर्काच्या रकान्यात अनेकदा स्वतःचा मोबाइल आणि मेल घालतो. विमान रद्द झालं की आरक्षण प्रणालीत जुन्या उड्डाणापुढचा 'एचके', म्हणजे पक्कं, जाऊन 'यूएन' येतो, म्हणजे हे उड्डाण आता नाही. नुसती वेळ सरकली असेल तर नव्या वेळेपुढे 'टीके' दिसतो. ही नोंद एजंटच्या संगणकावरच्या कामांच्या रांगेत जाऊन पडते. त्यानं रांग उघडली तर तुम्हाला फोन येतो, नाही तर नाही. हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचा आहे, कारण पुरेसा संपर्क दिला नसेल तर रद्द विमानाची रोख भरपाई द्यावी लागत नाही असं नियमातच आहे. म्हणून आजचं पहिलं काम: पोर्टलचा लांबलचक बुकिंग क्रमांक नव्हे, तर विमान कंपनीचा सहा अक्षरांचा पीएनआर शोधा. तो कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर घालून आरक्षण उघडा आणि संपर्काच्या जागी तुमचा मोबाइल-मेल टाका. तिथं बदलता येत नसेल तर फोनवर सांगून बदलून घ्या.

दुसरं काम पुरावा. जुलैत आलेलं मूळ तिकीट, सीटच्या पैशांची पावती, आणि आत्ताच्या पानाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. ॲपमधलं जुनं वेळापत्रक एकदा पुसलं गेलं की 'आमचं विमान सकाळचं होतं' हे फक्त तुमच्या मेलमधल्या त्या पीडीएफवरून सिद्ध होतं.

यानंतर नियमांचं गणित. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, याचा नियम मुदतीवर चालतो. उड्डाणाला दोन आठवडे किंवा जास्त असताना रद्द झाल्याचं कळवलं, तर पर्यायी विमान किंवा परतावा, प्रवाशाला जे मान्य असेल ते. दोन आठवड्यांच्या आत पण चोवीस तासांच्या आधी कळवलं, तर मूळ वेळेपासून दोन तासांच्या आत निघणारं पर्यायी विमान किंवा परतावा. आणि चोवीस तास आधीही कळवलं नाही, तरच परताव्याखेरीज रोख भरपाई: तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, दोन तासांवरच्या उड्डाणाला १०,०००. पण इथं एक 'किंवा' आहे, जो सगळे विसरतात. हा आकडा किंवा तुमचं एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतलं जे कमी ते. इंदूर-पुणे सव्वा तासाच्या आसपासचं उड्डाण, म्हणजे ७,५०० चा गट; पण मूळ भाडं ३,८०० असेल तर माणशी ३,८०० च. धुकं, वादळ, संप, हवाई नियंत्रणाची अडचण अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणं असली तर तेही नाहीत. म्हणून म्हटलं, भरपाईवर रक्त आटवू नका.

परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट ही की तुमचं विमान 'रद्द' झालंय की 'वेळ बदललीय'. उड्डाण क्रमांक तोच राहून वेळ सरकली असेल तर कंपनी त्याला रद्द म्हणत नाही. मग फुकट बदल किंवा परतावा किती फरकापासून द्यायचा हे तिच्या स्वतःच्या अटींत असतं, साधारण एक-दोन तासांपासून पुढे. तुमच्या बाबतीत क्रमांक बदललाय, थेट विमानाचं मुंबईमार्गे झालंय आणि पोचायची वेळ सकाळवरून रात्रीवर गेलीय. तिन्ही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. बोलताना तिन्ही सांगा.

फोन करण्याआधी पर्याय स्वतः शोधा. हे अगदी कळीचं आहे. ग्राहक सेवेतल्या माणसाला 'काहीतरी करा ना' म्हटलं की तो पडद्यावरचं पहिलं विमान देतो, आणि ते तेच असतं जे तुम्हाला नको आहे. त्याच कंपनीची आदल्या दिवशीची थेट विमानं बघा. त्याच दिवशी सकाळी इंदूर-मुंबई विमानात जागा आहे का बघा. मुंबईहून पुणे गाडीनं साडेतीन-चार तास, म्हणजे दुपारच्या चहाला घरात. भोपाळहून त्या दिवशी पुण्याचं विमान असेल तर तेही लिहून ठेवा. देवासमार्गे चार तासांचा रस्ता आहे, पण सासूबाईंसाठी मी तो शेवटी ठेवीन. पसंतीच्या क्रमानं दोन-तीन उड्डाण क्रमांक कागदावर लिहा आणि मग बोला:

"आमचं उड्डाण कंपनीनं रद्द केलंय. आम्ही नवं वेळापत्रक मान्य केलेलं नाही. थेट विमानाचं थांब्याचं केलंय आणि ते आम्हाला चालत नाही. आम्हाला अमुक क्रमांकाचं अमुक तारखेचं उड्डाण हवंय, भाड्यातला फरक आणि बदल शुल्क न लावता. चौघांनाही एकाच पीएनआरवर ठेवा."

वाद नको, आवाज नको. 'मान्य केलेलं नाही' हे शब्द मात्र गाळू नका. समोरच्यानं नाही म्हटलं तर फोन ठेवा आणि दोन तासांनी पुन्हा लावा. दुसऱ्या माणसाकडे वेगळा अधिकार असतो किंवा नुसता वेगळा मूड असतो. कंपनीनं दिलेला फुकट बदल बहुधा एकदाच आणि मूळ तारखेच्या आसपासच्या काही दिवसांतच मिळतो, तेव्हा घरात ठरवून मगच तो वापरा.

आता सीट. ताईंचा अर्धा राग यावरच आहे आणि तो रास्त आहे. सीट तुमच्या नावाला चिकटलेली नसते. ती उड्डाणाला आणि तारखेला चिकटलेली असते. उड्डाण आरक्षणातून निघालं की त्यासोबत सीट निघते, जेवण निघतं, व्हीलचेअरची मागणीही निघू शकते. नव्या उड्डाणावर प्रणाली उरलेल्या जागा वाटते, आणि उरलेल्या म्हणजे मधल्या. काही कंपन्यांत सीटच्या पैशांची वेगळी इलेक्ट्रॉनिक पावती असते. ती नव्या उड्डाणाला आपोआप जोडली जात नाही, माणसानं जोडावी लागते. म्हणून नवं उड्डाण मिळताच त्याच फोनवर सीट मागा, आणि त्यानं सांगितलेले चारही क्रमांक त्यालाच वाचून दाखवा.

उड्डाण तेच राहूनही सीट बदलते, त्याचं कारण बहुधा विमान बदललेलं असतं. इंदूरला मोठं ए३२० येतं तसं छोटं, पंख्यांचं एटीआरही येतं. ए३२० मध्ये वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन, एटीआरमध्ये दोन-दोन; तिथं मधली सीट हा प्रकारच नाही. १८०-१८६ सीटच्या विमानाऐवजी ७८ सीटचं एटीआर आलं की तुमची २२-बी अस्तित्वातच राहत नाही. एका ए३२० ऐवजी दुसरं ए३२० आलं तरी गंमत होते: १८६ सीटच्या विमानात एकतीस ओळी, १८० च्यात तीस. एकतिसाव्या ओळीतल्या सहा जणांचं काय? एटीआरमध्ये वजनाचा तोल सांभाळायला ऐनवेळी लोकांना पुढून मागे बसवतात, तिथं वाद घालू नका, ते सुरक्षेचं आहे. पण पैसे भरून घेतलेली खिडकी जाऊन मधली सीट मिळाली, तर सीटचं शुल्क परत मागायचं. ते आपणहून येईल ही आशा नको. पावती आणि बोर्डिंग पासचा फोटो जोडून लेखी मागा. वरच्या वर्गातून खाली बसवलं तर मामला मोठा आहे: फेब्रुवारी २०२३ पासून देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते.

मुलीसाठी तुमच्याकडे पक्का आधार आहे. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएनं कंपन्यांना बजावलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाजवळ सीट द्यायची. यातला 'त्याच पीएनआरवरच्या' हा तुकडा अधोरेखित करा. पोर्टल कधीकधी स्वस्त भाड्याच्या दोनच सीट उरल्या म्हणून चौघांचे दोन पीएनआर करतं. कधी फोनवर 'दोघांना सकाळचं, दोघांना दुपारचं' असं ठरलं की आरक्षण फुटून नवा पीएनआर जन्मतो. दोन्ही वेळी मुलगी कुणाच्या पीएनआरवर आहे ते बघा. आजीच्या पीएनआरवर गेली आणि आजी व्हीलचेअरनं वेगळ्या वाटेनं गेली, तर दारात गोंधळ ठरलेला.

सासूबाईंची व्हीलचेअर नव्यानं नोंदवा, निदान ४८ तास आधी, आणि कुठल्या प्रकारची ते नीट सांगा. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, याचा कोड 'डब्ल्यूसीएचआर'. पायऱ्याही चढवत नाहीत, तर 'डब्ल्यूसीएचएस'. हा फरक कागदी नाही. मोठ्या विमानाला इमारतीपासूनचा पूल (एअरोब्रिज) लागला तर खुर्ची थेट दारापर्यंत जाते. एटीआरला स्वतःच्याच दारातल्या उभ्या पायऱ्या असतात. पहिला कोड असला की कर्मचारी त्या पायऱ्यांपाशी खुर्ची थांबवून 'आजी, चढा' म्हणतील. गुडघे दुखत असतील तर दुसरा कोड सांगा, म्हणजे उचलण्याची सोय आधी ठरते. आणीबाणीच्या दाराजवळची ओळ त्यांना मिळणार नाही. पुढची, वाटेच्या कडेची मागा.

एवढं झाल्यावर तपासणी तीनदा: दुसऱ्या दिवशी, प्रवासाच्या आठवडाभर आधी आणि चेक-इन उघडताच, जे सहसा ४८ तास आधी उघडतं. चेक-इन करताना 'आपोआप सीट द्या' असा पर्याय येतो. त्याला हात न लावता आपले क्रमांक दिसतात का ते बघूनच पुढे जा.

परतावा घ्यायचं ठरलं तर सगळ्यात मोठा खड्डा पोर्टलचं 'रद्द करा' बटण. ते दाबलं की तिकीट तुम्ही स्वेच्छेनं रद्द केलं अशी नोंद होते आणि हजारो रुपये कापले जातात. आधी विमान कंपनीला फोन करून 'कंपनीच्या बदलामुळे पूर्ण परतावा' अशी टीप पीएनआरवर टाकून घ्या, बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहा, मग पोर्टलवर 'विमान कंपनीनं वेळ बदलली' किंवा 'रद्द केलं' या सदरातून अर्ज करा. पोर्टल म्हणेल 'कंपनीकडून पैसे आले नाहीत', कंपनी म्हणेल 'पोर्टलला विचारा'. नियमानं एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, जबाबदारी कंपनीची. थेट कंपनीकडून क्रेडिट कार्डनं घेतलं असेल तर सात दिवसांत परतावा मिळायला हवा. पैशांऐवजी पुढच्या प्रवासाचं क्रेडिट घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीला ते लादता येत नाही. पोर्टलचं सुविधा शुल्क मात्र बहुधा बुडालं असं धरा.

लग्नघरात पोचायचं असल्यामुळे रेल्वेचा आधार आजच बघून ठेवा. इंदूरहून पुण्याला थेट गाडी आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुमच्या तारखेचं कधीच उघडलंय आणि लग्नसराईत रोज आकडा घटतो. चार बर्थ पक्के मिळत असतील तर घ्या आणि विमानाचं ठरल्यावर सोडा.

इंदूरकरांना वेगळी सूचना, ताईंना लागू नसली तरी. अनेक जण इंदूर-मुंबई एका कंपनीचं आणि मुंबईहून परदेशाचं दुसऱ्या कंपनीचं तिकीट वेगवेगळं काढतात. पहिलं विमान हललं आणि दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याच्याशी देणंघेणं नसतं. चुकलेल्या जोडविमानाचं संरक्षण एकाच तिकीट क्रमांकाला आहे. अशा वेळी मुंबईत मध्ये एक रात्र ठेवा. उलट सगळं एकाच तिकिटावर असेल आणि इंदूरचं विमान गैरसोयीचं झालं म्हणून 'अवंतिका एक्स्प्रेसनं मुंबई गाठू आणि पुढचं विमान पकडू' असं परस्पर ठरवलंत, तर पहिला टप्पा न वापरल्यामुळे पुढचं सगळं तिकीट रद्द होतं, परतीसह. आधी कंपनीकडून इंदूरचा टप्पा काढून तिकीट पुन्हा बनवून घ्यायचं.

दाद मागायची पायरी आली तर क्रम असा: कंपनीला लेखी तक्रार, मग तिच्या संकेतस्थळावर दिलेला नोडल (तक्रारींसाठी नेमलेला) अधिकारी, मग सरकारचं तक्रार पोर्टल एअरसेवा, ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंही भागलं नाही तर इंदूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, कारण २०१९ च्या कायद्यानं तक्रारदार राहतो तिथं दावा चालतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. तुमचं प्रकरण तिथवर जावं असं मला वाटत नाही.

एक राहिलं. तुम्ही फक्त जाण्याचं लिहिलंय. परतीचं पुणे-इंदूर त्याच पीएनआरवर असेल तर तेही आत्ताच उघडून बघा, आणि फोन एकदाच लावा.